प्लेटवरचा थर

"घरी ड्रेसिंग नीट होत नसेल," घनश्याम डॉक्टर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी जफरच्या पायाकडे नाही, अस्माच्या हातांकडे पाहिलं.

अस्माने हात ओढणीखाली घेतले. मग तिला स्वतःचाच राग आला आणि तिने ते बाहेर काढून मांडीवर ठेवले. लपवण्यासारखं काय होतं त्यांत? रोज सकाळी ती पाणी उकळून गार करायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, मोजे चढवायची आणि नर्सने शिकवलं होतं तसं जखमेच्या तोंडापासून बाहेरच्या बाजूला पुसत न्यायची. लेक जिया तान्ही होती तेव्हाही तिने एवढी काळजी घेतली नव्हती. पण शेजारच्या खुर्चीवर तिची सासू सुग्राबी बसली होती, आणि डॉक्टरांचं वाक्य सासूच्या चेहऱ्यावर कसं जाऊन बसलं ते अस्माला दिसलं.

"मी रोज करतो, साहेब," अस्मा म्हणाली. "तुमच्या सिस्टरनं सांगतलं तसंच."

"असं सगळेच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि नव्या गोळ्या लिहू लागले.

तिच्या नवऱ्याचं, जफरचं, कळंबला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. पोळ्याच्या तोंडावर एका ट्रॉलीखाली तो काम करत असताना जॅक सरकला आणि अ‍ॅक्सल थेट नडगीवर आला. हाड कातडी फाडून बाहेर निघालं होतं. जखमेत ग्रीस होतं, चिखल होता. लोकांनी त्याला जीपमध्ये घालून यवतमाळला घनश्याम डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी हाड जुळवून त्यावर प्लेट बसवली आणि स्क्रू मारले. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. अस्माही म्हणाली. जखम भरली, टाके निघाले, जफर कुबड्यांवर अंगणात फिरू लागला. आणि दसऱ्याच्या सुमारास टाक्यांच्या रेघेवर एक बारीक फोड आला, फुटला, आणि त्यातून पू गळायला लागला.

गोळ्या दिल्या की पू थांबायचा. छिद्र सुकायचं, वर खपली धरायची, घरात सगळ्यांचे आवाज मोकळे व्हायचे. गोळ्या संपल्या की चार-सहा दिवसांत खपलीखाली पुन्हा ओल दिसायची. मग पुन्हा यवतमाळ, पुन्हा नवीन गोळ्या, आधीच्यापेक्षा मोठ्या. कापूस वेचणीला आला, दिवाळी होऊन गेली, आणि हे असंच चालू राहिलं. आणि आज डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. ड्रेसिंग.

घरी आल्यावर सुग्राबीने चपला काढता काढता सांगून टाकलं, "उद्यापासून पट्टी मी करीन. तू राहू दे."

"काहून, अम्मी? माह्या हातानं काय खराब झालं?"

"मी कुठं म्हटलं खराब झालं? डाक्टर म्हनते ते ऐका लागते."

जफर खाटेवर पाय लांब करून बसला होता. तो काहीच बोलला नाही. अस्माला त्याचं ते न बोलणं सासूच्या बोलण्याहून जास्त लागलं.

ही गोष्ट घरात राहिली नाही. जफरची मोठी बहीण भेटायला आली ती अस्माच्या ओट्यावरून बोट फिरवून गेली. दुकानाशेजारच्या कोणीतरी सांगितलं की जखमी माणसाला वांगं देऊ नये, अंडं देऊ नये, आंबट तर नकोच. मग स्वयंपाकाचाही दोष निघाला. अस्मा ऐकत होती आणि आत कढत होती. भांडी ती इतक्या जोराने घासायची की जिया घाबरून दाराशी उभी राहायची.

सुग्राबी मन लावून पट्टी करायची, हे मात्र खरं. तिने स्वतःसाठी वेगळा साबण आणला, वेगळं पातेलं ठेवलं आणि त्या पातेल्याला अस्माला हात लावू दिला नाही. पट्टी करताना ती ओठांत दुआ म्हणायची. त्या खेपेच्या गोळ्या संपल्या आणि आठवड्याच्या आत पट्टीवर पिवळा डाग दिसला. अस्मा बाजूलाच उभी होती. तिला वाटलं, आता म्हणतील. आता तरी म्हणतील, की बाई, तुझ्या हाताचं नव्हतं. सुग्राबीने डाग असलेली पट्टी गुंडाळली, पिशवीत टाकली आणि नवी बांधली. दुसऱ्या दिवशीही तिनेच बांधली.

घनश्याम डॉक्टरांनी या वेळी गोळ्या सोडून इंजेक्शनं लिहिली. "जंतू हट्टी झालेत," ते म्हणाले. "पॉवर वाढवावी लागेल." मग कळंबचा बबलू नावाचा कंपाउंडर रोज सायकलवर यायचा आणि जफरच्या कमरेत इंजेक्शन देऊन जायचा. पू थांबला. कोर्स संपला, पू आला. डॉक्टरांनी तोच कोर्स परत लिहिला आणि सोबत आणखी एक औषध जोडलं. जफरची कंबर दोन्ही बाजूंनी निबर झाली होती, सुई आत जाताना बबलूलाच कसंतरी व्हायचं. जफरला जेवण जाईना. तोंडाला सतत पत्र्याची चव येते म्हणायचा.

आणि तो गप्प झाला. आधी अस्माने मनावर घेतलं नाही. दुखण्यातलं माणूस, चिडणारच. पण हे चिडणं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून काही विचारायची आणि बाहेरून उत्तर यायचं नाही. जिया 'अब्बू, अब्बू' करत मागे लागायची आणि तो खिडकीबाहेर पाहत बसायचा. फोन उशाशी वाजून वाजून बंद व्हायचा. अस्माला वाटलं, आता हाही मला दोष देतोय. आईचं मनावर घेतलं यानं. एक दिवस चहा पुढ्यात आदळून ती म्हणाली, "बोलायचं नसन तर नका बोलू. पन निदान हो-नाई तरी म्हना." त्याने चहा उचलला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. ती पाय आपटत निघून गेली.

त्याच आठवड्यात पूनमसिंग आपला ट्रॅक्टर घेऊन थेट घरापुढे आला. पूनमसिंग तांड्यावरचा शेतकरी, जफरचा जुना गिऱ्हाईक. दुसऱ्या कोणाला तो बोनेट उघडू द्यायचा नाही. तूर काढायला आली होती आणि इंजिनात काहीतरी बिघडलं होतं.

"तुमी नुसतं ऐकून सांगा, जफरभाई. बाकी दुकानातला पोऱ्या करन."

जफरला खुर्चीसकट अंगणात आणलं. पूनमसिंगने इंजिन चालू केलं. अस्मा दारात उभी राहिली, कारण हे पाहायला तिला आवडायचं. लग्न होऊन महागावहून ती नवीन आली तेव्हा जफर तिला दुकानावर घेऊन गेला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटून सांगायचं की बिघाड कुठे आहे. आजही त्याने तसंच केलं. मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"काय म्हनते?" पूनमसिंगने विचारलं.

जफरने स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"वरून टिकटिक येऊन राह्यली नं," पूनमसिंग म्हणाला. "मले इथूनच येते. तुमाले नाई येत काय?"

"येते नं," जफर म्हणाला. "येते. व्हॉल्व्ह सेट करा लागन. पोऱ्याले सांगतो."

पूनमसिंग ट्रॅक्टर घेऊन गेला. जफर स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच बसून राहिला. अस्मा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जफर." लग्नानंतर तिने त्याला असं नुसत्या नावाने कधी हाक मारली नव्हती. त्याने मान वळवली नाही. ती अजून एक पाऊल जवळ गेली आणि पुन्हा म्हणाली. मग समोर येऊन तिने त्याचा खांदा धरला.

"कधीपासून?"

त्याने तिच्या ओठांवरून ओळखलं. "इंजेक्शन चालू झाले तवापासून. आधी कानात शिटी वाजे. वाटलं कमजोरी हाये."

"अन् मले सांगतलं नाई."

"तुले आधीच का कमी बोलून राह्यले सारे?"

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. छातीत काहीतरी तापलं आणि तसंच तापत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती जफरला घेऊन यवतमाळला गेली. सुग्राबीला तिने घरीच राहायला सांगितलं आणि सुग्राबी राहिली. घनश्याम डॉक्टरांनी कानाचं ऐकून घेतलं, हातातला पेन खाली न ठेवता. "अशक्तपणा आहे. जेवण नाही, झोप नाही. येईल हळूहळू." मग त्यांनी छिद्र दाबून पाहिलं. दाबल्यावर पू आला. "अजून एक कोर्स पूर्ण करू. तेच इंजेक्शन, डोस वाढवून."

"साहेब, त्या इंजेक्शननंच कान गेले असतीन तर?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई."

"मग?"

अस्माने तो कागद घेतला. दवाखान्याच्या खालीच औषधाचं दुकान होतं, पण ती तिथे थांबली नाही. तिने जफरला ऑटोत बसवलं आणि ऑटोवाल्याला सरकारी दवाखान्यात घ्यायला सांगितलं. जफर विचारत राहिला, कुठे, कुठे. तिने पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

सरकारी दवाखान्यातल्या ओळीत दुपार झाली. हाडाच्या विभागात त्यांना पाहिलं ते खुशी नावाच्या डॉक्टरने. ती अस्माहून लहान असेल. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. तिने एक्सरे उजेडात धरला, मग जफरच्या पायाजवळ बसली आणि एक बोथट, बारीक सळई छिद्रातून हळूच आत घातली. सळई कशाला तरी अडली.

"ही प्लेट आहे," ती म्हणाली. "छिद्र सरळ प्लेटपर्यंत गेलंय. आत्तापर्यंत काय काय औषधं झाली?"

अस्माने पिशवीतली सगळी पाकिटं, रिकाम्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर खुशी एकेक उचलून पाहत गेली. इंजेक्शनची बाटली हातात आल्यावर ती थांबली. "हे किती दिवस?" विचारून तिने जफरकडे पाहिलं, आणि जफर तिच्या तोंडाकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने मान खाली घालून, कागदाकडे बघत विचारलं, "पाणी प्यायचंय का?" जफर तसाच पाहत राहिला.

तिने बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आजपासून ही सगळी औषधं बंद."

"बंद?" अस्माचा आवाज चढला. ओळीतली माणसं वळून पाहू लागली. "एक डाक्टर म्हनते वाढवा, तुमी म्हनता बंद. आमी काय खेळनं हावो काय तुमचे?"

"बसा ताई. सांगते." डॉक्टर खुशीने स्टूल ओढलं. "तुमच्याकडे पाण्याचा ड्रम आहे ना? बरेच दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत होतो. वरून कितीही ब्लिचिंग टाका, पाणी साफ दिसेल, बुळबुळीत थर तसाच राहतो. तसं झालंय आत. प्लेट धातूची आहे, तिच्यात रक्त जात नाही. जंतू एकदा तिच्यावर बसले की ते स्वतःभोवती चिकट थर करतात आणि त्याच्या आत राहतात. औषध रक्तातून येतं. जे जंतू बाहेर सुटे असतात ते मरतात, पू थांबतो, आपल्याला वाटतं बरं झालं. थराच्या आतले बरेच जंतू झोपल्यासारखे पडून असतात, आणि औषधाचा जोर चालतो तो वाढणाऱ्या जंतूंवर. औषध थांबलं की तेच पुन्हा बाहेर येतात."

"मंग अजून पावरचं औषद द्या."

"आतल्यांना मारायला जेवढं लागेल तेवढं माणसाला देता येत नाही. जंतूंच्या आधी माणूसच जाईल. प्लेट काढावी लागेल. हाड बऱ्यापैकी जुळलंय, म्हणून आता काढता येईल. आणि काढण्याआधी थोडे दिवस औषध बंद, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासणीत कळेल."

अस्मा ऐकत होती. तिने विचारायचं ते विचारलं.

"माह्या हातानं झालं काय हे? पट्टी करतानी?"

"नाही," डॉक्टर खुशी लगेच म्हणाली. "हे आतून बाहेर आलेलं आहे. हाड बाहेर आलं होतं, जखमेत माती होती. जंतू तेव्हाच गेले असतील. वरची पट्टी कोणीही केली असती तरी हेच झालं असतं."

"मंग त्या डाक्टरले हे माहीत नोतं?"

डॉक्टर खुशीने बाटल्या पिशवीत भरायला सुरुवात केली. "ते मी नाही सांगू शकत, ताई."

"माहीत असा लागते का नाई, एवढंच सांगा."

"असायला हवं," ती हळूच म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कानाची तपासणी दुसऱ्या इमारतीत होती. जफरला एका लहान, बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. अस्मा काचेबाहेर उभी होती. तपासणारी बाई यंत्राचं बटण फिरवत होती. सुरुवातीला जफरचा अंगठा हलला, पुन्हा हलला. मग बाई बटण फिरवत राहिली आणि अंगठा हलेना. बाईने आवाज आणखी वाढवला. काचेपलीकडे जफर ताठ बसून होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, डोळे मोठे करून, सगळं लक्ष एकवटून. त्याला वाटत होतं अजून काही सुरूच झालेलं नाही. अस्माने काचेवर मूठ टेकवली. ती आपटू नये म्हणून तिला दुसऱ्या हाताने धरावी लागली.

बारीक, उंच आवाज गेले होते, दोन्ही कानांतले. पक्ष्याचे, शिट्टीचे, व्हॉल्व्हच्या टिकटिकीचे, आणि कुजबुजीचे. हे इंजेक्शन जास्त दिवस चालवायचं तर कान आणि किडनी मधूनमधून तपासत राहावं लागतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. "तपासलं होतं का?" त्यांनी विचारलं. "परत येईन काय?" अस्माने विचारलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं, नाही.

ऑपरेशन झालं तेव्हा रमजान लागायला थोडेच दिवस होते. डॉक्टर खुशी बाहेर आली ती हातात स्टीलचा ट्रे घेऊन. "तुम्हाला पाहायचं होतं ना?" अस्माला वाटलं होतं काहीतरी काळं, सडलेलं दिसेल. ट्रेमध्ये प्लेट होती, स्क्रू होते, आणि प्लेट बहुतेक ठिकाणी अजून चकाकत होती. फक्त एका बाजूला, दोन स्क्रूंच्या भोकांमध्ये, राखाडी-पिवळा असा एक पातळ थर होता. दुधाच्या भांड्याच्या कडेला लागते त्या सायीएवढा. डॉक्टर खुशीने ब्लेडने तो खरवडून बाटलीत घेतला. लगेच निघाला नाही, चिकटून राहिला, दोनदा ब्लेड फिरवावं लागलं.

एवढंसं. एवढ्याशासाठी नवऱ्याचे कान गेले, आणि एवढ्याशाचं खापर आपल्या हातांवर. अस्मा ट्रेकडे पाहत राहिली आणि तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले.

तपासणीत जंतू कळला. त्याच्यावर चालणाऱ्या गोळ्या मिळाल्या, लघवी शेंदरी करणाऱ्या. त्या महिना-दीड महिना घ्यायच्या होत्या. पण आता आत त्यांना अडवणारं काही नव्हतं. जखम खालून भरत आली. गोळ्या चालू असताना सुकली म्हणून अस्मा फसली नाही. तिला वाट पाहायची सवय झाली होती. टाके निघाले तरी ओल आली नाही, एवढं तिने पाहून घेतलं. मग ती सुग्राबीला म्हणाली, "चादर घ्या, अम्मी. यवतमाळले जायचं हाये."

"रोजा हाये माहा. तुहाही हाये. रोजाच्या तोंडानं भांडाले जाते काय कोनी?"

"भांडाले नाई. तुमी जे ऐकलं ते जिथं ऐकलं तिथंच पुसून काढा लागते."

घनश्याम डॉक्टरांच्या दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. अस्माने नंबर लावला नाही. डॉक्टर कॅबिनमधून कोणाला तरी हाक मारायला दारात आले तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. सुग्राबी तिच्या मागे होती.

"साहेब, जफरची प्लेट काढली सरकारी दवाखान्यात. पू प्लेटवरून येत होता. तुमी माह्या सासूसमोर म्हटलंत की मी ड्रेसिंग नीट करत नाई. आता माह्या सासूसमोर सांगा की तसं नोतं."

डॉक्टरांनी बाकांकडे पाहिलं. "आत या. आत बसून बोलू."

"आत नाई येत. म्हटलं तवा तुमी दार लावून नोतं म्हटलं."

"हे बघा, अशा केसेसमध्ये गुंतागुंत होते. तुम्ही लोक मध्येच दवाखाना बदलता..."

"कान तपासले होते काय? एवढे इंजेक्शन देले, एकदा तरी?"

डॉक्टरांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. बाकावर एक म्हातारा आणि पायाला पट्टी बांधलेला एक माणूस बसले होते, पट्टीवाल्याजवळ त्याची बायको. ती बायको टक लावून पाहत होती.

"मी विचारलं तवा तुमी मले म्हटलं, तुमी डाक्टर हाये काय. नाई मी डाक्टर. मले काई माहीत नोतं, तुमच्यावरच तर भरवसा होता. माह्या नवऱ्याले इंजिनाचा आवाज ऐकू येत नाई आता. मुलगी हाक मारते ते ऐकू येत नाई. ते तर परत येत नाई. पन जे तोंडानं म्हटलं ते तर परत घेता येते. घ्या."

तिचा आवाज चढला नव्हता, पण बाकांवरच्या सगळ्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"ड्रेसिंगचा दोष नव्हता," डॉक्टर पुटपुटले.

"मले ऐकू आलं. मागं अम्मी हायेत, त्यांले नाई आलं."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "ड्रेसिंगचा दोष नव्हता," ते मोठ्याने म्हणाले. "झालं? आता जा, पेशंट थांबलेत." त्यांनी दार लावून घेतलं.

अस्माला वाटलं होतं की हे ऐकलं की छातीतलं ते तापलेलं निवेल. निवलं नाही. दाराच्या फळीकडे पाहत ती उभी होती, आणि तिला कळलं की हा माणूस आत्ता आत बसून तेच इंजेक्शन दुसऱ्या कोणासाठी लिहीत असेल. ती वळली आणि पट्टीवाल्या माणसाच्या बायकोजवळ गेली.

"गोळ्या बंद केल्या की परत पू येते काय?"

ती बाई नवऱ्याकडे पाहून कचरली, मग तिने होकाराची मान हलवली.

"सरकारी दवाखान्यात जा. हाडाच्या डाक्टरले दाखवा. प्लेट आत हाये म्हनून सांगा," अस्मा म्हणाली, बंद दारापलीकडे जाईल अशा आवाजात. "अन् तोवर कानाकडे ध्यान ठेवा."

परतीच्या बसमध्ये सुग्राबी खिडकीशी बसली. घरी तिने पट्टीचं ते वेगळं पातेलं घासून अस्माच्या भांड्यांत लावून दिलं, एवढंच.

ईद झाली. गोळ्या संपल्या आणि त्यानंतरही पाय कोरडा राहिला. जफर काठी घेऊन दुकानावर जाऊ लागला. घोट्यात वाक येत नव्हता, तो लंगडत होता. इंजिनाचं ऐकायचं काम आता हाताखालच्या पोऱ्याकडे होतं, आणि त्यावरून जफर त्याच्यावर दिवसभर डाफरायचा. अस्माने तक्रार करायचं ठरवलं होतं. कुठे करायची, कशी करायची हे तिने डॉक्टर खुशीलाच फोन करून विचारलं होतं, आणि तिने जरा थांबून का होईना, सांगितलं होतं.

एका दुपारी जफर जेवायला आला. सुग्राबी दारातल्या उजेडात सूप घेऊन तूरडाळ निवडत होती. जफर जेवता जेवता म्हणाला, "पाय वाचला नं. सोडून दे आता. अजून काहून रागात हायेस?"

अस्माने सासूकडे एक नजर टाकली आणि त्याच्या कानाजवळ वाकून हळूच सांगितलं. दोन खोल्यांच्या या घरात सगळा संसार त्यांनी कुजबुजीतच केला होता.

"आं?" जफर म्हणाला.

ती पुन्हा वाकली, जरा जोराने म्हणाली.

"कोन?" त्याने विचारलं. "कोनाचा राग?"

अस्मा ताठ झाली. आता हळू बोलण्यात काही राहिलं नव्हतं.

"अम्मीचा," ती मोठ्याने म्हणाली. "डाक्टरनं एकदा म्हटलं अन् यांनी खरं धरलं. माह्या हातचं खाल्लं, माह्या हातचा चहा घेतला, पन पट्टीले हात लावू देला नाई. सोता पट्टी केली, पू आला, तरी तोंडातून निघालं नाई की अस्माचं चुकलं नोतं. डाक्टरनं भर दवाखान्यात सांगतलं, तरी नाई निघालं."

सूप थांबलं होतं. जफर घास हातात धरून एकदा बायकोकडे, एकदा आईकडे पाहत होता. सुग्राबीने डाळीतला एक खडा उचलला, बाजूला टाकला आणि मान वर न करता म्हणाली, "मले ऐकू आलं. त्याले पुरतं ऐकू गेलं काय ते पाह्य. नाई गेलं असन तर अजून एकदा सांग."

अस्माने सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सुग्राबी उठून गेली नाही.